सवयीचा शिक्का

गडचिरोलीकडे रेल्वेने यायचे म्हणजे वर्षानुवर्षे वडशाला उतरायचे. गोंदिया-बल्लारशा मार्गावरचे हे स्टेशन. सरकारी कागदात गावाचे नाव देसाईगंज, लोकांच्या तोंडी वडसा. १९७२ साली गडचिरोली नावाचा जिल्हाच नव्हता. तो निघाला २६ ऑगस्ट १९८२ ला. तोवर पार दक्षिणेच्या सिरोंच्यापर्यंतचा जंगली मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता आणि त्यातलेच एक देसाईगंज पोलीस ठाणे.

२६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मुलीला तिच्या भावाने केलेल्या तक्रारीवरून या ठाण्यात आणले गेले. जबाब झाले, बाकीच्यांना घरी पाठवले आणि मुलीला थांबवून घेतले. बाहेर तिची माणसे वाट पाहत उभी होती. आत ठाण्यातल्या एका पोलिसाने आपल्यावर बलात्कार केला आणि दुसऱ्याने अंगचटीला येण्याचा प्रयत्न केला, अशी तिची फिर्याद. हे प्रकरण पुढे त्या मुलीच्या नावाने देशभर गाजले. तिचे नाव सगळ्यांना ठाऊक झाले आणि पोलिसांची नावे विसरली गेली, म्हणून इथे मी ते मुद्दाम घेत नाही. कायद्याच्या पुस्तकात खटला ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असा सापडतो.

मला बोलायचे आहे ते या प्रकरणातल्या एका छोट्या कागदाबद्दल. दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या सुमारास डॉक्टरांनी मुलीला तपासले. अंगावर जखम नाही. वय अंदाजे चौदा ते सोळा. योनिपटल जुने फाटलेले. योनीत दोन बोटे सहज जातात. एवढाच मजकूर.

त्या एवढ्या मजकुराने काय केले ते पाहा. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये पोलिसांना सोडले. मुलगी खोटारडी आणि शरीरसंबंधाची सवय असलेली आहे, असा निष्कर्ष काढला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवला. एकाला पाच वर्षे, दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष ठरवले. अंगावर जखम नाही, म्हणजे झटापट झाली नाही, म्हणजे संमती होती, असा तो तर्क. बरोबर वर्षाने उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराचे वेगळे कलम आले, पुराव्याच्या कायद्यातही भर पडली.

हा इतिहास बहुतेकांना माहीत आहे. पण दोन बोटांचे वाक्य डॉक्टरांनी कुठून आणले, हे फारसे कोणी विचारले नाही. डॉक्टरांनी ते मनाने लिहिले नव्हते. त्यांना तसेच शिकवले होते.

न्यायवैद्यकशास्त्र हा एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्याला गंमतीचा वाटणारा विषय. विषारी साप, बंदुकीच्या गोळीची जखम, बुडून मेलेल्याची फुप्फुसे. मोदी, पारीख, रेड्डी ही पुस्तकांच्या लेखकांची नावे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या तोंडी आहेत. त्या पुस्तकांत लैंगिक गुन्ह्यांचा एक धडा असतो. जवळच कौमार्याची लक्षणे, योनिपटलाचे प्रकार. बलात्काराचे पान उलटले की ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्हे’. त्यात गुदमैथुन, समलिंगी स्त्रिया आणि पशुगमन एका रांगेत. वडशाच्या मुलीला जो शिक्का बसला, त्याचा सख्खा भाऊ या पुढच्या पानावर राहतो. तिच्या बाबतीत ‘सवय असलेली’, याच्या बाबतीत ‘सवय असलेला’.

या भावाचा जन्म फ्रान्समधला. १८५७ साली आंब्रोआज तार्दिय या पॅरिसच्या डॉक्टराने पुस्तक लिहून दावा केला की पुरुषांशी संबंध ठेवणारा पुरुष गुदद्वाराच्या आकारावरून ओळखता येतो. ते नरसाळ्यासारखे होते. तीनच वर्षांनी, १८६० मध्ये, मेकॉलेने सुरू केलेल्या मसुद्यातून भारतीय दंडसंहिता आली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. ‘अनैसर्गिक’ संबंध गुन्हा ठरवणारे कलम ३७७ तिच्यातलेच. नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा, तोवर मध्य प्रांतात गेला होता, त्यामुळे मुंबई-कलकत्त्याच्या बरोबरीने हे कलम वैनगंगेकाठीही पोहोचले. कायदा आला की पुरावा लागतो, पुरावा म्हटला की डॉक्टर लागतो आणि डॉक्टरला पुस्तक लागते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातले प्राध्यापक आणि सरकारचे रासायनिक विश्लेषक आय. बी. लायन यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस हिंदुस्थानसाठी असे पुस्तक लिहिले. १९२० मध्ये जयसिंग मोदींचे आले. त्याच्या आवृत्त्या शंभर वर्षांनंतरही निघत राहिल्या.

१८८४ चा अलाहाबाद उच्च न्यायालयातला खैरातीचा खटला या शास्त्राचा नमुना म्हणून पाहावा. खैराती नावाच्या माणसाला बायकी कपडे घालून बायकांत गाताना पकडले. फिर्यादी कोणी नव्हता. कधी, कुठे, कोणाशी काय केले याचा पत्ता नव्हता. सिव्हिल सर्जनने तपासून गुदद्वार कर्ण्यासारखे झाल्याचे लिहिले आणि तेवढ्यावर खालच्या न्यायालयाने शिक्षा ठोठावली. उच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, पण कारण होते आरोपात वेळ-स्थळ नसल्याचे. कर्ण्याच्या शास्त्राबद्दल न्यायमूर्तींना शंका आली नाही. खैराती सुटला आणि कर्णा पुस्तकात राहिला.

मराठीत या विषयावर डॉक्टरांच्या आधी एक गणिताचा प्राध्यापक बोलला. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक जुलै १९२७ मध्ये सुरू झाले आणि १९५३ पर्यंत चालले. वाचक हस्तमैथुनाविषयी, समलिंगी आकर्षणाविषयी बेधडक विचारत आणि कर्वे तितक्याच सरळपणे उत्तर देत. या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे खटला हरले, दंड झाला. वैद्यकीय कॉलेजांत मात्र तोच विषय गुन्ह्याच्या धड्यात बिनदिक्कत शिकवला जात होता. वाचकाचा प्रश्न म्हणून छापले तर अश्लील आणि आरोपीचे लक्षण म्हणून छापले तर शास्त्र, असा तो हिशेब.

पुन्हा जंगलात येऊ.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन आलेले अभय आणि राणी बंग हे डॉक्टर दांपत्य १९८६ मध्ये गडचिरोलीत स्थिरावले. त्यांची ‘सर्च’ संस्था तेव्हाची. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. सरकारी आरोग्यसेवेला तोवर गावातली बाई दोनदाच दिसत असे. पोटुशी असताना आणि नसबंदीच्या शिबिरात. अंगावरून पांढरे जाणे, पाळीतली कळ, संबंधाच्या वेळचे दुखणे हे सगळे बाया आपसांत बोलत, दवाखान्यात नाही. सर्चने वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आला. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के.

या आकड्यांनी जगभरच्या आरोग्यधोरणात खळबळ उडवली, ते ठीक. मला त्यातून वेगळेच दिसते. एवढे मोठे दुखणे नागपुरात कित्येक वर्षे स्त्रीरोग शिकवणाऱ्यांच्या नजरेतून सुटले, कारण पुस्तकात त्याला जागा नव्हती. ज्याला पुस्तकात रुग्ण म्हणून जागा नाही, तो ओपीडीच्या रांगेतही उभा राहत नाही. बायांच्या बाबतीत हे वैनगंगेच्या खोऱ्यात सिद्ध झाले. समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांना तर पुस्तकात जागा होती, पण आरोपीच्या पिंजऱ्यात. असा माणूस गुदद्वाराजवळचे गळू किंवा गुप्तरोग घेऊन डॉक्टरसमोर का बसेल? बसला तर खरे कसे सांगेल? मुंबईत हमसफर ट्रस्ट, पुण्यात समपथिक, नागपुरात सारथी अशा संस्था उभ्या राहिल्या, एचआयव्हीच्या कार्यक्रमातून तिथे ओळखीचा डॉक्टर तरी सापडतो. गडचिरोलीच्या जंगलातल्या एटापल्लीच्या मुलाला सापडतो तो प्राथमिक आरोग्य केंद्रातला बंधपत्रावर आलेला एकटा डॉक्टर. त्याच्या डोक्यात जे कॉलेजात भरले, तेवढेच त्या मुलाच्या वाट्याला.

धडा बदलायला सुरुवात झाली ती चंद्रपूरच्या शेजारी, वर्धा जिल्ह्यात. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ चे, देशातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. तिथले न्यायवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्कार झालेल्या स्त्रियांच्या वैद्यकीय तपासणीचे कागद काढून बसायचे ठरवले. किती डॉक्टर काय लिहितात, काय लिहायचे राहते, दोन बोटे अजून कुठे कुठे जातात. त्यांचा २०१० चा अहवाल वाचून तपासणीच्या दर्जाची लाज वाटावी. त्याच्या आधारे डॉ. रंजना पारधी यांनी नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. वडशाच्या पोलिसांना शिक्षा देणारे खंडपीठही नागपूरचेच होते, हा योगायोग नोंदवून ठेवतो. याचिकेमागोमाग राज्याला समिती नेमावी लागली, तपासणीचे नवे नमुने आणि २०१३ मध्ये मार्गदर्शक सूचना आल्या. पुढच्या वर्षी केंद्राच्याही आल्या.

पण नमुना बदलला तरी पुस्तक जुनेच होते. सकाळी तासाला कौमार्याची खरी-खोटी लक्षणे पाठ करायची आणि दुपारी कॅज्युअल्टीत त्यांवर बंदी, असा मामला. खांडेकरांनी मग थेट अभ्यासक्रमावर अहवाल लिहिला. २०१९ मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने कौमार्याच्या लक्षणांचा भाग एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमातून काढला. राज्यातली बहुतेक वैद्यकीय आणि नर्सिंग कॉलेजे याच विद्यापीठाखाली येतात, २०१५ मध्ये सुरू झालेले चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयसुद्धा. मुंबईची ‘सेहत’ संस्था वैद्यकीय शिक्षण संचालनालयाच्या साथीने आणखी एक खटपट करत होती. स्त्रीरोग, न्यायवैद्यक, मनोविकार, औषधवैद्यक आणि सामुदायिक वैद्यक या पाच विषयांत लिंगभावाची दृष्टी गुंफायची, त्यासाठी आधी प्राध्यापकांना शिकवायचे. विद्यार्थ्यांपेक्षा ते काम अवघड, हे कोणताही विद्यार्थी सांगेल.

दोन भावंडांपैकी बहिणीचा शिक्का असा पुसट होऊ लागला. भावाचा तसाच राहिला.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते परत गुन्ह्यात ढकलले आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पुन्हा, यावेळी कायमचे, बाहेर काढले. मध्ये २०१४ च्या निकालाने तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेने तर समलैंगिकता १९९० मध्येच आजारांच्या यादीतून वगळली होती. एवढे सगळे झाले. आणि २०१९ मध्ये देशभर गाजावाजा करून जो नवा ‘क्षमताधिष्ठित’ अभ्यासक्रम आला, त्यात अनैसर्गिक गुन्ह्यांच्या यादीत समलिंगी स्त्रिया होत्या. खरे तर कलम ३७७ सुद्धा स्त्री-स्त्री संबंधांना कधी लागू होत नव्हते. त्या कलमाला लिंगप्रवेश लागत असे. मेकॉलेने जो गुन्हा धरला नव्हता, तो आपल्या वैद्यकीय परिषदेने स्वतःच्या खर्चाने धरला.

हालचाल झाली ती मद्रास उच्च न्यायालयात. मदुराईच्या दोन तरुणी घर सोडून चेन्नईला आल्या होत्या. घरच्यांनी पोलिसांत तक्रारी केल्या आणि पोलिसांपासून संरक्षण मागायला त्या न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यासमोर प्रकरण आले. साध्या आदेशात ते निकालात निघाले असते. पण या न्यायमूर्तींनी लिहून दिले की आपल्याला हा विषय कळत नाही, आणि मानसशास्त्रज्ञापुढे विद्यार्थी म्हणून जाऊन बसले. न्यायालयांच्या इतिहासात अशी कबुली क्वचितच सापडावी. ७ जून २०२१ च्या निकालात त्यांनी समलिंगी माणसाला ‘बरे’ करण्याच्या उपचारांवर बंदी घातली आणि पोलीस, तुरुंग, शाळा, डॉक्टर अशा सगळ्यांचे प्रशिक्षण सांगितले. पुढच्या सुनावण्यांत डॉ. त्रिनेत्रा हलदार गुम्माराजू या पारलिंगी डॉक्टरने वैद्यकीय अभ्यासक्रमाचा घेतलेला आढावा न्यायालयासमोर आला. केरळातही ‘क्विरिदम’ आणि ‘दिशा’ या संघटना पुस्तकांविरुद्ध उच्च न्यायालयात गेल्या होत्या.

१३ ऑक्टोबर २०२१ ला, वैद्यकीय परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने पत्रक काढले. न्यायवैद्यक आणि मनोविकाराच्या पुस्तकांत कौमार्याविषयी अशास्त्रीय आणि एलजीबीटी समुदायाविषयी अवमानकारक मजकूर आहे, लेखकांनी तो दुरुस्त करावा, विद्यापीठांनी अशी पुस्तके लावू नयेत. एकाच पत्रकात दोन्ही भावंडे. वडशाच्या मुलीचा आणि खैरातीचा धडा एकच होता हे सरकारी कागदावर येण्यासाठी २०२१ उजाडावे लागले. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायवैद्यकाचा अभ्यासक्रमही बदलला. दोन बोटांची चाचणी अशास्त्रीय आणि अमानुष आहे हे शिकवायचे, न्यायालयाने ती मागितली तर ती का चुकीची हे न्यायालयाला कसे सांगायचे तेही शिकवायचे. गुन्ह्यांच्या यादीतून समलिंगी संबंध गेले, लैंगिक कल आणि लिंगओळख हे शब्द आले. त्याच महिन्यात ‘बरे’ करण्याचा उपचार हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरले. ३१ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांची चाचणी अभ्यासक्रमातून जाईल हे पाहण्याचा आदेश दिला.

इथे लेख संपला असता तर बरे झाले असते.

१ जुलै २०२४ ला भारतीय दंडसंहिता जाऊन न्यायसंहिता आली. तिच्यात ३७७ कलमच नाही. आणि ३१ ऑगस्ट २०२४ ला आयोगाने अभ्यासक्रमाची नवी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिच्यात गुदमैथुन आणि समलिंगी स्त्रिया अनैसर्गिक गुन्हे म्हणून परत हजर. योनिपटलाचे प्रकार, कौमार्य, कौमार्यभंग हेही परत. कायद्यातून कलम गेले होते आणि अभ्यासक्रमातून धडा जात नव्हता. जुन्या फाइलीतून नव्या फाइलीत मजकूर उतरवताना असे होते म्हणावे, तर दोन वर्षांपूर्वीची दुरुस्ती तेवढी नेमकी कशी गळली? आरडाओरड झाली. ५ सप्टेंबरला, शिक्षकदिनी, मार्गदर्शिका मागे घेतली गेली आणि १२ सप्टेंबरला सुधारून काढली.

नर्सिंगबद्दल फार कमी लिहिले जाते, आणि हा लेखही त्याला अपवाद नाही. खरे तर जंगलात डॉक्टरआधी गाठ पडते ती सिस्टरशीच. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटते, तेव्हा उपकेंद्रातली एएनएम हाच दवाखाना. तिला कोणी काय शिकवले याची चौकशी न्यायालये करत नाहीत. २०२२ मध्ये नर्सिंगच्या समाजशास्त्राच्या एका पुस्तकात हुंड्याचे फायदे छापलेले सापडले आणि देशभर संताप झाला. भारतीय परिचर्या परिषदेला हात झटकावे लागले. म्हणजे पुस्तके कोणी वाचून पाहत नव्हते. परिषदेच्या २०२१ च्या नव्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात न्यायवैद्यक परिचर्या आणि भारतीय कायदे असा छोटा विषय आला आहे. पोलिसांनी आणलेल्या मुलीचे कपडे कसे जपायचे, नमुने कसे ठेवायचे, तिच्याशी कसे बोलायचे हे त्यातून शिकवता येते. वडशाला त्या रात्री अशी एखादी सिस्टर असती तर काय झाले असते, हा प्रश्न निरर्थक आहे हे कळते, तरी येतो.

९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत गडचिरोली होते. मार्गदर्शिका सुधारून निघाली त्याला तेव्हा चार आठवडेही झाले नव्हते. वडशाचा रुग्ण आता रेफर होऊन इथे येईल आणि त्याला तपासणारा मुलगा किंवा मुलगी कदाचित आरमोरी-कुरखेड्याचीच असेल. पहिल्या वर्षी त्यांना शरीररचना आणि जीवरसायन. न्यायवैद्यकशास्त्र तिसऱ्या वर्षी आहे. तिथल्या ग्रंथालयाच्या कपाटात पुस्तकाची कोणती आवृत्ती ठेवली आहे, ते प्राध्यापकांनी एकदा उघडून पाहावे.